चढावर आधी बेल: सगळ्यांच्या वाटेवर ई-माउंटन बाइक कशी चालवावी

डोंगरातल्या वाटेवर चालणाऱ्याला एक गोष्ट अंगवळणी पडलेली असते: सायकल जोरात येणार ती वरून. खालून वर येणारी सायकल म्हणजे धापा टाकणारा माणूस. त्याचा श्वास आणि चेन कुरकुरल्याचा आवाज तो दिसायच्या आधीच ऐकू येतो, आणि तो पोहोचेपर्यंत आपण निवांत बाजूला झालेलो असतो. ई-माउंटन बाइकने, म्हणजे पॅडल मारताना मोटरची साथ देणाऱ्या डोंगरी सायकलने, नेमकं हेच बदललं. उतारावर मोटर फारसं काही करत नाही, तिथे सगळ्या सायकली सारख्याच. फरक पडतो तो चढावर, आणि तोही पाठीमागून.

आकड्यांत सांगते. समोर कुणी ताशी ४ किलोमीटरच्या चालीने चढ चढतंय आणि तुम्ही ३० मीटर मागे आहात. साध्या सायकलवर, ताशी ७ च्या वेगाने, तुम्ही त्याच्यापर्यंत पोहोचायला ३६ सेकंद लागतात. मोटर लावून ताशी १६ ने आलात तर ९ सेकंद. तुम्ही धापा टाकत नसता, मोटरचा आवाज वाऱ्यात विरून जातो, आणि त्या माणसाच्या डोक्यात अजून ३६ सेकंदांचाच हिशोब असतो. माझ्या मते एकत्र वापराच्या वाटांवरची निम्म्याहून जास्त भांडणं या हरवलेल्या २७ सेकंदांतून होतात. ते परत देणं आपल्या हातात आहे.

या वाटांवर मी दोन्ही बाजूंनी असते. कधी सायकलवर, कधी आईचा हात धरून पायी. आईला डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्यामुळे पुढे जे लिहितेय त्यातलं बरंचसं मला सायकलवर नाही, तिच्या शेजारून चालताना कळलं आहे.

आधी बघा, वाट तुमची आहे का

"सायकलला परवानगी आहे म्हणजे ई-बाइकलाही असेल" असं धरून चालू नका. देशागणिक नियम वेगळे आहेत, आणि एकाच जंगलात दोन वाटांचे नियमही वेगळे असू शकतात.

युरोपात साधारणपणे २५० वॉट सातत्याची क्षमता असलेली, पॅडल मारलं तरच साथ देणारी आणि ताशी २५ किलोमीटरला साथ थांबवणारी सायकल ही कायद्याने सायकलच मानली जाते. ब्रिटनमध्येही हीच मर्यादा आहे. पण सायकल मानली म्हणजे सगळ्या वाटा खुल्या असं नाही. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात जंगलातल्या दोन मीटरपेक्षा अरुंद वाटांवर साधी सायकलसुद्धा चालवता येत नाही. इंग्लंडमध्ये घोड्यांसाठीच्या ब्रायडलवेवर १९६८ च्या कायद्याने सायकलला मुभा दिली, ती एका अटीवर: चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला सायकलवाल्याने वाट द्यायची.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी तीन वर्ग मान्य केले आहेत. पहिला वर्ग पॅडल मारल्यावरच साथ देतो, ताशी २० मैलांपर्यंत, म्हणजे ३२ किलोमीटर. दुसऱ्याची वेगमर्यादा तीच, पण त्याला थ्रॉटल असतं, म्हणजे पॅडल न मारताही मोटर चालवता येते. तिसरा पॅडलवरच चालतो, मात्र २८ मैलांपर्यंत. डोंगरातल्या वाटांवर जिथे ई-बाइक चालते तिथे बहुधा पहिलाच वर्ग चालतो. तिथली वनसेवा ई-बाइकला मोटर वाहन धरते, म्हणून साध्या सायकलींसाठी खुली असलेली वनसेवेची वाट ई-बाइकसाठी बंद असू शकते. इंटिरिअर खात्याच्या (सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याच्या) अखत्यारीतल्या जमिनींवर २०१९ चा आदेश आणि २०२० चे नियम यांनंतर निर्णय बराचसा स्थानिक व्यवस्थापकावर सोपवला आहे. आणि १९६४ च्या कायद्याखाली राखलेल्या विल्डरनेस, म्हणजे माणसाचा हात न लागलेल्या रानाच्या क्षेत्रात तर साधी सायकलही नेता येत नाही.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. वाट सांभाळणाऱ्या संस्थेचं ताजं पान निघायच्या आदल्या दिवशी वाचा, आणि वाटेच्या तोंडाशी लावलेला फलक पूर्ण वाचा, अगदी खालच्या बारीक ओळीसकट. ऋतूनुसार वाट बंद असते ती माहिती बहुतेक वेळा तिथेच असते.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. वेगमर्यादा उठवणारी चिप किंवा ॲप बसवू नका. मर्यादा उठवलेली सायकल बहुतेक ठिकाणी कायद्याने सायकल राहत नाही, विम्याचा आणि वॉरंटीचा प्रश्न येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या वाटा मोठ्या कष्टाने ई-बाइकसाठी उघडल्या गेल्या त्या बंद करायला विरोधकांना आयतं निमित्त मिळतं.

मोकळ्या मैदानावर तीन गोष्टी घोटवा

माणसांच्या वाटेवर जाण्याआधी रिकाम्या जागेवर सराव करा. साधी सायकल वर्षानुवर्षं चालवलेल्यांनी तर जरूर करा, कारण त्यांच्या पायांना जुन्या सवयी असतात.

पहिली गोष्ट: चढावर थांबून पुन्हा निघणं. एकत्र वाटेवर तुम्हाला सतत थांबावं लागणार आहे, आणि निघताना गडबड होते म्हणून लोक थांबायचं टाळतात. सगळं बिनसतं ते इथून. मोटर क्रँकपाशी, म्हणजे पॅडल जिथे फिरतात तिथे असलेल्या सायकलीत पॅडलवरचा दाब सेन्सर क्षणाक्षणाला मोजत असतो. टर्बो मोडमध्ये (मोटरची सगळ्यात जास्त साथ) उभं राहून नुसता पाय पॅडलवर टेकवला तरी सायकल पुढे उसळते. म्हणून पाय पॅडलवर जायच्या आधी दोन्ही ब्रेक दाबलेले हवेत. थांबायच्या आधीच हलका गिअर पाडून ठेवा, कारण उभ्या सायकलीत डिरेलर (चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) गिअर बदलत नाही. मोड खाली आणा, कमी साथ देणारा इको किंवा टूर. पुढचं पॅडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा, बूड सीटच्या टोकाशी, छाती हँडलकडे झुकलेली, कोपर वाकलेले. आता पॅडलवर हळूहळू भार द्या आणि भार येतोय तसतसे ब्रेक सोडा. एकदम सोडलेत तर पुढचं चाक उचलतं. हे दहा-पंधरा वेळा जमलं की थांबायची भीती जाते, आणि थांबायची भीती गेलेला सायकलस्वार आपोआप सभ्य होतो.

दुसरी गोष्ट: पाय थांबवल्यावर मोटर कधी थांबते ते ओळखणं. काही मोटरींच्या डोंगरी मोडमध्ये पाय थांबले तरी मोटर क्षणभर ढकलत राहते. दगडाच्या पायरीवरून मागचं चाक वर घ्यायला हे फार उपयोगी. चालणाऱ्याच्या पाठीशी मात्र तेच धोक्याचं. तुमची सायकल पाय थांबल्यावर किती पुढे जाते ते प्रत्येक मोडमध्ये करून बघा. माणसं दिसली की एक बोट कायम ब्रेकवर.

तिसरी गोष्ट: वॉक मोड. २०-२५ किलोची सायकल तीव्र चढावर ढकलणं सोपं नाही, त्यासाठी ही सोय असते. युरोपीय मर्यादेत ती ताशी ६ किलोमीटरपर्यंतच चालते. बटण एका हाताने धरून सायकलच्या डाव्या बाजूने चाला, म्हणजे चेन तुमच्या पायाला लागणार नाही. काही मोटरींत या मोडमध्ये पॅडलही फिरतात आणि नडगीवर सपकन बसतात, तेव्हा पाय जरा लांब ठेवा.

गिअर बदलताना अर्धा सेकंद पायाचा जोर कमी करायची सवय इथेच लावा. मोटरचा आणि तुमचा मिळून जोर चेनवर असताना गिअर टाकला तर कडाड आवाज येतो. तो आवाज पुन्हा पुन्हा येऊ दिला तर एक दिवस चेन तुटते, आणि ती नेमकी गावापासून सगळ्यात लांब असताना तुटते.

चढावर, पाठीमागून

आता मुख्य भाग. पुढे कुणी पाठमोरं चालताना दिसलं की मी काय करते ते क्रमाने सांगते.

दिसताक्षणी पाय थांबवते आणि मोड खाली आणते. आधी वेग, मग बेल. बरेच जण उलटं करतात: बेल वाजवतात आणि त्याच वेगात येत राहतात. चालणाऱ्याला त्याचा अर्थ एकच लागतो, "हट".

साधारण ३० मीटरवरून एकदा बेल. साधी, टिंग करणारी यांत्रिक बेल उत्तम. तिचा आवाज ऐकल्याबरोबर सायकल आहे हे कळतं. मग चालण्याच्या वेगाने जवळ जात बोलायचं: "नमस्कार, मागून एक सायकल येतेय, सावकाश." मागे अजून दोघं असतील तर तेही सांगायचं, नाहीतर पहिली सायकल गेल्यावर माणूस परत वाटेत येतो आणि दुसरीसमोर उभा राहतो. "डावीकडून!" असं ओरडू नका. मी पाहिलंय, दचकलेल्या माणसाला फक्त "डावी" हा शब्द ऐकू जातो आणि तो डावीकडेच सरकतो.

बेलला उत्तर नाही आलं तर? समोरचा मुद्दाम दुर्लक्ष करतोय असं समजू नका. कानात इअरफोन असतील. किंवा माझ्या आईसारखं असेल. तिला बेल ऐकू येते, पण एकाच कानाने ऐकणाऱ्याला आवाजाची दिशा कळत नाही. ती थबकते, आधी भलत्याच बाजूला बघते, मग माझ्याकडे बघते, आणि मी बोट दाखवलं की मगच मागे वळते. त्यात सहज पाच-सहा सेकंद जातात. एवढ्यात कुणी बाजूने सुळकन निघून गेलं तर ती नेमकी त्याच्या वाटेत पाऊल टाकते. तिचा दोष नाही यात. म्हणून नियम साधा: समोरच्याने वळून पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. मागे चालीच्या वेगाने राहायचं, पुन्हा एकदा बोलायचं, गरज पडली तर उतरायचं. ई-बाइकवाल्याला थांबून पुन्हा निघणं सगळ्यांत सोपं आहे. साध्या सायकलवर चढात तुटलेली लय परत मिळवायला दम लागतो. आपल्याला मोटर आहे. मग वाट आपणच द्यायची, यात मोठेपणा कसला?

पुढे जाताना पॅडल हळू, मोड सगळ्यात खालचा, आणि निदान हातभर अंतर. तेवढी जागा नसेल तर रुंद जागा येईपर्यंत मागेच. पार झाल्यावर "आभारी आहे" म्हणा आणि लगेच टर्बो दाबू नका. मागच्या चाकाखालची खडी त्यांच्या अंगावर उडते.

लहान मुलं आणि कुत्री असली तर हे सगळं निम्म्या वेगाने. मूल बेल ऐकून आईबापाकडे पळतं, आणि आईबाप बऱ्याचदा वाटेच्या दुसऱ्या बाजूला असतात. लांब पट्ट्यावरचा कुत्रा असेल तर वाटेवर आडवी दोरी आहे असंच समजा. ती उन्हात दिसतही नाही.

घोडा समोर आला तर

घोड्याच्या बाबतीत शिष्टाचारावर भागत नाही. तो बिथरला तर स्वाराचा जीव जाऊ शकतो. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी मागचं आणि नाकासमोरचं सोडून. त्यामुळे बरोबर पाठीमागून, धाप न लागलेलं, बारीक घूं करणारं काहीतरी जवळ आलं तर तो पळायचं ठरवतो.

घोडा दिसला की लांबच थांबा, उतरा, मोटर बंद करा आणि बोला. काय बोलताय याला महत्त्व नाही, माणसाचा आवाज यायला हवा. हेल्मेट आणि गॉगल घातलेली आकृती घोड्याला माणूस वाटेलच असं नाही. आवाज आला की वाटतं. मग स्वाराला विचारा, "कुठे उभी राहू?" तो सांगेल तसं करा. काहीच सांगितलं नाही तर सुरक्षित जागा पाहून वाटेच्या उताराकडच्या बाजूला उभं राहा, घोड्याच्या डोक्यावर येईल अशा उंचवट्यावर नको. झुडपाआड लपू नका. मागून जायचं असेल तर स्वार "या" म्हणेपर्यंत थांबायचं, मग तो सांगेल त्या बाजूने चालत जायचं. घोडा लांब गेल्यावर मगच मोटर चालू.

साध्या सायकलवाले

त्यांचा आपल्यावरचा राग कधी कधी वेगाचा नसतो, चढाचा असतो. त्यांनी घाम गाळून मिळवलेली उंची आपण बोलत बोलत चढतो. हे समजून वागलं की निम्मं काम होतं. त्यांच्या मागच्या चाकाला चिकटू नका. दमलेला माणूस मागे कुणीतरी आहे या दडपणाने चुकतो. एकदा सांगा की घाई नाही, रुंद जागा आली की जाते. पुढे गेल्यावर चार हातांवर फोटो काढायला थांबू नका.

अरुंद वाटेवर सर्वसाधारण रीत अशी, की उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची. आपण ई-बाइकवरून उतरत असू तर ही रीत काटेकोर पाळायची. आपण चढत असू आणि वरून साधी सायकल आली तर मी बहुतेकदा थांबते, पण हात वर करून लवकर कळवते. दोघेही "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत वळणावर डळमळले तर कुणीतरी खाली जातं.

उतार

इथे नवं काही नाही, फक्त सायकल जड आहे. ते जास्तीचं वजन ब्रेकना उष्णता म्हणून पचवावं लागतं, म्हणून चार पिस्टनचे ब्रेक आणि पुढे २०० मिलिमीटरच्या आसपासची डिस्क असलेली बरी. ताशी ३० च्या वेगात एका सेकंदात ८ मीटर जातात. म्हणजे वळणापलीकडे मूल दिसून बोट ब्रेक दाबेपर्यंत तुम्ही ८ मीटर पुढे. दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता आलं पाहिजे, आणि समोरूनही सायकल येऊ शकते अशा वाटेवर त्याच्या निम्म्यात. आंधळ्या वळणाआधी बेल वाजवायला लाजू नका.

वाटेची माती

ई-बाइकमुळे वाटा उखडतात, हा आरोप सारखा ऐकू येतो. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने २०१५ मध्ये ओरेगनच्या जंगलात चाचणी घेतली होती. त्या मर्यादित चाचणीत पहिल्या वर्गाच्या ई-बाइकने हलवलेली माती साध्या माउंटन बाइकच्या आसपासच निघाली आणि मोटरसायकलपेक्षा खूप कमी. हे खरं असलं तरी मी त्याआड लपत नाही. एका फेरीने होणारी झीज सारखी असेलही, पण मोटर असली की त्याच दुपारी एकाऐवजी तीन फेऱ्या होतात. वाट मोजते ती फेऱ्या.

म्हणून ओल्या मातीत टायरचा ठसा खोल उमटायला लागला की परत फिरा. सैल खडीच्या चढावर टर्बो लावलात तर मागचं चाक जागेवर फिरतं आणि प्रत्येक फिरक्यात एक खळगा होतो. खालचा मोड, एक गिअर जड आणि सीटवर बसून भार मागच्या चाकावर, असं चढा. डबकं आलं तर मधून जा. कडेने गेलात तर पुढचा त्याहून कडेने जातो, आणि पाऊलभर वाट वर्षभरात गाडीरस्त्याएवढी होते.

बॅटरीचा हिशोब

बॅटरी संपली की चांगली माणसंही घाईत वाईट वागतात, म्हणून हा भाग इथे. मी, सायकल, पाठपिशवी आणि पाणी मिळून ९० किलो धरू. १००० मीटर उंची चढायला निव्वळ २४५ वॉट-तास ऊर्जा लागते. वाटेचं घर्षण आणि मोटरमधली उष्णता त्यावर वेगळी. आता यातला मोटरचा वाटा किती? बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्स मोटरच्या चौथ्या पिढीत इको मोड तुमच्या जोराच्या ६० टक्के साथ देतो, टर्बो ३४० टक्क्यांपर्यंत. म्हणजे इकोत २४५ पैकी सुमारे ९२ मोटर देते, टर्बोत १८९. तीच चढण, दुप्पट खर्च. ६२५ वॉट-तासांची बॅटरी टर्बोत केवढी वाटते आणि इकोत केवढी, ते यावरून लक्षात येईल. थंडीत क्षमता आणखी घटते.

स्क्रीनवर दिसणारे उरलेले किलोमीटर मागच्या काही वेळाच्या खर्चावरून काढलेले असतात. पुढे चढ आहे हे बऱ्याचदा त्यात धरलेलं नसतं. किलोमीटरऐवजी उरलेली चढाई मोजा. शेवटचा मोठा चढ बाकी असताना बॅटरी अर्ध्याखाली असेल तर तो इकोत चढा, नाहीतर त्या चढाला हातच लावू नका.

संपलीच तर सगळ्यात हलका गिअर आणि सावकाश. वॉक मोडही आता चालणार नाही, म्हणून तीव्र तुकड्यात ढकलणं आलं. ढकलताना वाटेच्या मधोमध राहू नका. तुम्ही आता वाटेवरचे सगळ्यात संथ आहात, मागून कुणाची बेल आली तर सायकल उताराच्या बाजूला झुकवून उभे राहा. सायकलच्या बॅटरीवर चालणारा दिवा असेल तर बऱ्याच यंत्रणा मोटर थांबल्यावरही दिव्यापुरती वीज राखून ठेवतात, पण तुमची ठेवते का हे घरी बघून घ्या, आणि डोक्याला लावायचा छोटा दिवा पिशवीत कायम असू द्या.